चिंचेखालचा नमुना

"शालिकराम भाऊ, हे कवच पुन्हा मोजा बरं," भैरवी मॅडम म्हणाल्या.

तीनदा मोजलं होतं. झाडाखाली पडलेलं बगळ्याच्या अंड्याचं कवच मायक्रोमीटरमध्ये धरायचं आणि जाडी वहीत लिहायची, नागपूरच्या या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं माझं हेच काम. फवारणीचं विष पाखरांच्या पोटात किती गेलं, त्याचा अंदाज कवचावरून येतो. कवच पातळ झालं की आई उबवायला बसताच अंडं फुटतं.

गेल्या पावसाळ्यात गोळा केलेलं हे पातळ कवच 'स्वच्छ' लिहिलेल्या डब्यातलं होतं. म्हणजे भिवापूरजवळच्या माझ्या गावचं. बाकी गावांची कवचं आमच्याशी ताडून पाहायची, असा नेम. मी नवा असताना जुन्या साहेबांनी विचारलं होतं, फवारणी नसलेलं गाव कोणतं? मी छाती फुगवून म्हणालो, "आमच्या गावाले चला, साहेब."

काय दिवस होते ते. तळ्याकाठची चिंच बगळ्यांनी पांढरी व्हायची. पोळ्याची मिरवणूक तिच्याखाली आली की डफडी थांबायची, आणि ज्याने त्याने आपल्या बैलाची घुंगरमाळ मुठीत धरायची. आई बजावायची, "थे बाळंतिणीची खोली आहे. आवाज नोको करू."

"नमुना मिसळला असेल," मॅडम म्हणाल्या. "तसं लिहून हा डबा वगळू या. या महिन्यात रिटायर होताय, कशाला डोक्याला ताप?"

मोह झाला, खोटं कशाला बोलू. गावाचं नाव राहिलं असतं आणि माझंही.

चार वर्षांपूर्वी धाकट्या भावाचा, बळीरामचा फोन आला होता. "दादा, मिरचीवर चुरडामुरडा आला गा, पानं गोळा होऊन राहिली. नागपुरातून जालीम औषध घेऊन ये." मी नेलं. एकाच पिशवीत औषधाचा कॅन आणि कवचं गोळा करायचे रिकामे डबे. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मागवलं, त्यांनाही नेलं. जन्मभर दुसऱ्यांच्या गावचं विष मोजलं, पण आपलं गाव म्हणजे स्वच्छ, हे डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की हातातला कॅन दिसलाच नाही.

"मॅडम, हे आमच्याच चिंचेखालचं आहे," मी म्हणालो. "औषध मीच नेऊन राहिलो होतो."

त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "आता स्वच्छ गाव कोणतं धरायचं?"

डब्यावरची 'स्वच्छ' ही चिठ्ठी मी नखाने खरवडून काढली.

पोळ्याला गावी गेलो. चिंच हिरवीगार होती, नुसती हिरवी. यंदा एकही घरटं नव्हतं. बळीरामला सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मंग तवा काहून नाही सांगितलं गा? तुले तर माहीत होतं."

मिरवणूक चिंचेजवळ आली. यंदा डफडी वाजतच राहतील असं मला वाटलं होतं, थांबायचं कोणासाठी? पण डफडीवाल्याचा हात सवयीने थांबला. बळीरामने वर पाहिलं नाही. बैलाची घुंगरमाळ दोन्ही मुठींत घट्ट धरून तो चिंचेखालून चालत गेला.