राजूबाईच्या पायांचा चौरंग

मी एक जुना चौरंग आहे. सागवानी लाकडाचा, ठेंगणा, रंग उडालेला. बीदर जिल्ह्यातल्या दुबलगुंडी गावात, एका लहानशा दवाखान्यात मी राहतो. पूजेच्या चौरंगाचे दवाखान्यात काय काम, असे तुम्हाला वाटेल. मित्रांनो, तीच तर माझी कथा आहे. थोडा वेळ बसा आणि ऐका. माझे ऐकायला फारसे कुणी बसत नाही.

गुरप्पा सुताराने मला घडवले ते थोरल्या अय्यांसाठी. आमच्या भागात लिंगायत घरांतल्या जंगम गुरूंना अय्या म्हणतात. श्रावणातल्या सोमवारी भक्त त्यांच्याकडे येत. अय्या माझ्यावर पाय ठेवत. भक्त ते पाय धुवत, विभूती लावत, बेलपान वाहत. या पादपूजेच्या दिवशी माझा थाट काय सांगू! लोक अय्यांच्या पायांवर डोके ठेवत, आणि पायांखाली मीच असल्यामुळे निम्मा नमस्कार आपल्यालाच आहे, असे मी खुशाल धरून चालत असे.

थोरले अय्या वारले आणि मी माळ्यावर गेलो. पुढे त्यांचा मुलगा पंचाक्षरी कलबुर्गीला शिकून डॉक्टर झाला आणि शहर सोडून गावात आला. एका सकाळी त्याने मला खाली काढले, धूळ पुसली आणि काखोटीला मारले. त्याची आई रुद्रम्मा दारातच आडवी आली.

"अरे, पूजेचा चौरंग हाय त्यो. दवाखान्यात कामून न्यायलास?"

"अव्वा, पायासाठीच केलाय न्हवं? पायासाठीच न्यायलोय," तो म्हणाला.

गावात शुगरचे रोगी फार होते. शुगर मुरली की पावले हळूहळू बधिर होतात. बाभळीचा काटा रुतला तरी कळत नाही, तुरीचे धसकट घुसले तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो आणि आतल्या आत जखम चिघळते. म्हणून डॉक्टर रोग्याला खुर्चीत बसवायचा, त्याची दोन्ही पावले माझ्यावर ठेवायचा आणि स्वतः खाली फरशीवर बसायचा. कोमट पाण्याने पाय धुवायचा, बोटांच्या बेचक्यांत डोकावायचा, कापसाच्या टोकाने तळवा चाचपून विचारायचा, "कळतंय का?"

पण माझ्यावर पाय ठेवायला आधी कुणी तयार होईना. राजूबाईने तर पहिल्या दिवशी पदराने तोंडच झाकले. ती शेतकरी घरातली, तांबड्या मातीत राबून टाचांना भेगा पडलेली बाई.

"अय्या, ह्या चौरंगावर तुमच्या अप्पाचे पाय धुतलेत लोकांनी. मी ह्याच्यावर पाय ठिवू? आन् तुमी जंगम माणसानं ते धुवायचे? मला नरकात जायचं न्हाई."

"राजूअक्का, नरक लांब हाय. पाय आधी जाईल," डॉक्टर म्हणाला.

ती हसली आणि हळूच पाय ठेवला. त्यानंतर दर बाजारच्या दिवशी ती येऊ लागली. निघताना माझ्या कडेवर थाप मारून म्हणायची, "येते रे बाबा." विभूती-बेलपानांच्या दिवसांत असे मला कुणी म्हणाले नव्हते. मला ती फार आवडायची.

मग सरकारी विमा योजना आली. तिला मी नावे ठेवणार नाही. जे मोठ्या दवाखान्याची पायरी कधी चढले नसते, त्यांची ऑपरेशने फुकट झाली. आमचा दवाखाना योजनेत घ्यायचा म्हणून अधिकारी आले आणि त्यांनी डॉक्टरला विचारले, इथे कोणकोणती कामे होतात? डॉक्टरने बाळंतपणे सांगितली, हर्नियाची ऑपरेशने सांगितली, भरती करून द्यायचे उपचार सांगितले. ते गेल्यावर नर्स शिवलीला म्हणाली, "अय्या, पायाचं सांगितलंच न्हाई की तुमी."

"शिवलीला, पाय धुणं ही सेवा हाय. सेवेचं मोल कसं सांगायचं? अप्पा काय म्हणले असते?"

जंगमाच्या घरात वाढलेल्या माणसाला असेच वाटणार. ते ऐकून त्या दिवशी माझाही ऊर भरून आला होता. पण मित्रांनो, जे सांगितलेच नाही ते योजनेत येणार कसे? योजना ऑपरेशनचे पैसे देई, भरतीचे देई. पाय बघण्याला तिच्यात नावच नव्हते.

कुणी मला हाकलले नाही. असे काही एका दिवसात होत नसते. ज्या कामाचे पैसे येत त्याला वेळ मिळू लागला, आणि उरलेल्या वेळात मी. मग उरलेला वेळही आटला. दवाखान्यावर मजला चढला, ऑपरेशनची खोली झाली, शिवलीलाच्या हाताखाली आणखी दोघी आल्या. त्या सगळ्यांच्या पगारासाठी डॉक्टरला वर राहणे भाग होते. माझ्या जागी औषधांचे कपाट आले आणि मी जिन्याखाली गेलो. माझ्यावर सलाइनची खोकी रचली गेली.

जिन्याखाली उजेड येत नाही. माझ्या डोक्यावरून पावले वर जात आणि खाली येत. पायांशीच जन्म गेलेला असल्याने त्यांच्या आवाजावरून मला माणसे ओळखू येत. हा फरपटत चालतोय, याचा अंगठा तपासायला हवा, असे मी मनात म्हणत असे. पण लाकडाला तोंड नसते. माझी आठवण कुणाला येते का, हे ऐकण्यासाठी मी दिवस दिवस कान लावून असे. झाडणारी बाई तेवढी केरसुणीने मला ढोसून जाई.

एका बाजारच्या दिवशी राजूबाईचा आवाज आला.

"शिवलीला, चौरंग कुठं गेला गं?"

"आता पाय बघायचं बंद झालंय अक्का. काय तरास असला तर वर चला, टेबलावर घेऊन बघतील."

"टेबलावर? डॉक्टरच्या तोंडापुढं पाय करू व्हय? लाज न्हाई का मला? आन् तरास तर कायबी न्हाई. दुखतच न्हाई."

ती परत गेली. माझ्यापासून पाच हातांवर ती उभी होती, आणि तिचे उजवे पाऊल फरशीवर नेहमीसारखे वाजत नव्हते. मी जिन्याखाली तळमळत राहिलो. इतका एकटा मी माळ्यावरही नव्हतो.

ज्वारीची काढणी झाली तेव्हा तिची मुलगी मंजुश्री तिला टमटममधून घेऊन आली. राजूबाईच्या पायाला फडके गुंडाळलेले होते आणि त्याचा वास जिन्याखालपर्यंत आला. डॉक्टर धावत खाली आला, तिथेच खालच्या पायरीवर बसला आणि त्याने फडके सोडले.

"आधी कामून दाखवलं न्हाई, राजूअक्का?"

"दुखलंच न्हाई की. आन् दाखवू कुठं, अय्या? चौरंग तर तुमी काढून टाकला."

  राजूबाईचा उजवा पाय घोट्याच्या वरून काढावा लागला. तिला त्यासाठी काही द्यावे लागले नाही, सगळा खर्च योजनेने दिला. मित्रांनो, याचे मला फार वाईट वाटते. पाय कापायला पैसे होते, आणि तोच पाय राखायला नव्हते.

पुढे बीदरला सभा भरली. डॉक्टरांना पैसे देण्याची रीत बदलावी का, हे ठरवायला बेंगळुरूहून एक मोठ्या अधिकारी बाई येणार होत्या. डॉक्टरने खोकी बाजूला केली, मला बाहेर काढले आणि गाडीत शेजारी ठेवले. सभेत त्याने मला मधोमध मांडले. दोन-चार डॉक्टर हसले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"हे काय आणलंय?" बाईंनी विचारले.

"ह्याच्यावर मी लोकांचे पाय बघत होतो. तुमच्या माणसांनी विचारलं तवा मी सांगितलं न्हाई. सेवा हाय म्हणून गप बसलो. गप बसलो, तशी सेवाच बंद पडली. एका बाईचा पाय गेला."

"मग काय, पाय धुण्याचे पैसे पाहिजेत?"

"न्हाई बाई. धुण्याचे पैसे दिलात तर धुतलेलाच पाय लोक परत परत धुतील. माणूस वर्षभर सांभाळायला द्या. वर्षाच्या शेवटी पाय जाग्यावर हाय का, ते येऊन बघा, आन् मग पैसे द्या."

मागून एक वयस्कर डॉक्टर म्हणाले, "मग बिघडलेल्या पायाचा रोगी कोण घेईल? सगळे धडधाकट पायच निवडतील."

"खरं हाय," डॉक्टर म्हणाला. "म्हणून बिघडलेल्याला जास्त द्या. त्याला सांभाळायला कष्टबी जास्त हाईत."

बाईंनी ते लिहून घेतले. आता कुणी हसत नव्हते. शेवटी ठरले ते एवढेच, की आमच्या आसपासच्या काही गावांत एक वर्ष ही रीत करून बघायची. वर्षानंतर पुढचे बघू, असे त्या म्हणाल्या. म्हणजे मला पुन्हा जिन्याखाली जावे लागेल की नाही, हे अजून मला ठाऊक नाही.

कपाट हलले आणि मी माझ्या जागी आलो. पहिल्याच बाजारच्या दिवशी राजूबाई कुबडी टेकत आली. खुर्चीत बसली. यावेळी तिने तोंड झाकले नाही की लाजलीही नाही. डावा पाय तिने माझ्यावर ठेवला.

"एवढा तरी राखा, अय्या," ती म्हणाली.

डॉक्टर फरशीवर बसला. त्याने तो पाय धुतला, बेचक्यांत बघितले, कापूस टेकवला. करंगळीजवळ तिला कळत नव्हते, तिथे एक बारीक फोड होता. त्याने तो साफ करून पट्टी बांधली. मग इतक्या वर्षांच्या सवयीने त्याचा ओला हात दुसऱ्या पायाकडे वळला आणि माझ्या कोरड्या लाकडावर टेकला. त्याने तो लगेच उचलला नाही. राजूबाई खिडकीबाहेर बघत राहिली.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाला शुगर असेल तर आज त्यांचे पाय हातात घेऊन बघा. त्यांना लाज वाटेल, ते नको म्हणतील, दुखत नाही म्हणतील, तरीही बघा. आणि मोठे होऊन तुम्ही योजना आखायला बसलात, तर पाय राखणाऱ्यालाही तिच्यात जागा ठेवा. माझ्यावर दोन पावले मावतात. राजूबाई येते तेव्हा माझी एक बाजू रिकामीच असते.