सातवीतला स्पंज

तीन वर्षं तात्पुरती शिक्षिका म्हणून राबल्यावर सिद्धीला आज कायम होण्याची संधी आली होती. के. आर. पुरमच्या त्या शाळेत सातवीचा एक तास घ्यायचा, मुख्याध्यापक त्रिविक्रम सर मागच्या बाकावर बसून बघणार, आणि त्यावरच निकाल. विषय तिनेच निवडला होता: डॉल्फिन आणि समुद्री स्पंज, दोघेही प्राणी कसे?

फळ्यावर डॉल्फिनचं चित्र लागलं. मग तिने घरून आणलेला डबा उघडला. मुद्दाम मागवलेला खरा स्पंज गायब! त्या जागी अंग घासायची घोसाळ्याची वाळकी जाळी. हे काम सासऱ्यांचं, विद्याधररावांचं. स्पंज कळकट दिसला म्हणून त्यांनी तो फेकून ही कोरी जाळी ठेवली असणार. उपकारच म्हणायचे!

"सरी, बरं का मुलांनो, नीट बघा," त्रिविक्रम सर मागून कौतुकाने म्हणाले. "हाच सी स्पंज."

झालं! आता गप्प बसलं की नोकरी खिशात. तोंड उघडलं तर चाळीस मुलांसमोर परीक्षकालाच खोटं पाडायचं. सिद्धी घाबरली. पण भाजी दाखवून ती प्राणी म्हणून खपवायची, हे काही तिच्याने होणार नव्हतं.

"हा स्पंज नाही. हे घोसाळं आहे," ती म्हणाली आणि जाळी टेबलावर आपटली. आत अडकलेल्या दोन-चार काळ्या बिया बाहेर उडाल्या. "बिया आहेत, म्हणजे हे वेलीचं फळ. स्पंजला बिया नसतात. डॉल्फिनसारखा मेंदूही नसतो, हृदय नाही, शेपूट नाही. एका जागी चिकटून बसतो. तरी तो प्राणी. का?"

चंदना नावाची मुलगी उठली. "मिस, त्यालापण दुसऱ्याला खावं लागतं?"

"शाब्बास! डॉल्फिन माशांचा पाठलाग करतो, स्पंज पाणी गाळून त्यातले बारीक जीव खातो. झाडासारखं उन्हात अन्न करणं दोघांनाही जमत नाही."

तास संपला, मुलं पांगली. सर जवळ आले. चेहरा पडलेला.

"मॅडम, प्रयोगशाळेच्या बरणीत आहे तेसुद्धा घोसाळंच का हो? एकोणीस वर्षं मी सातवीला तेच स्पंज म्हणून दाखवतोय."

"हो सर." आता माघार घेण्यात अर्थ नव्हता.

सरांनी डस्टर उचलून टेबलावरच्या बिया एका बाजूला सारल्या.

"सातवीचं विज्ञान जूनपासून कायमचं तुमच्याकडे," ते म्हणाले. "आठवी, नववी, दहावीत मात्र मीच जातो. सातवीत मी त्यांना चुकीचं शिकवलंय, ते त्यांना माझ्याच तोंडून कळू दे."