तिसऱ्या नंबरची वायर

शुक्रवार उजाडला की दादाच्या गॅरेजसमोर पाय ठेवायला जागा उरायची नाही. जुन्या मोटारी, टेम्पो, एक आइसक्रीमची गाडी, आणि त्यांच्यामधून वाट काढत टाचा उंच करून बघणारी माणसं. मधोमध उभे असायचे ‘हातवाले’. अंगात पांढराशुभ्र बॉयलरसूट, त्यावर ग्रीसचा एक ठिपका नाही. वेष मेकॅनिकचा आणि इस्त्री नवरदेवाची.

त्यांच्या पुढ्यात एक निळी मोटार थडथडत होती. इंजिन तीन ठोके नीट मारायचं, चौथा गिळायचं.

“ऐका, कशी रडतेय!” हातवाल्यांनी दोन्ही हात पसरले. “लोखंड कुठून येतं? खाणीतून. खाण म्हणजे कोण? धरतीची कूस! आणि त्या लेकराला तुम्ही पाना लावता? रुसलेल्या पोराची समजूत कुणी पकडीने काढतं का?”

“नाही!” गर्दी म्हणाली.

“इंजिन चालू ठेवा. बॉनेट बंद. उघडाल तर शक्ती उडून जाईल, मग माझ्याकडे रडत येऊ नका. आता डोळे मिटा सगळ्यांनी.”

अर्धा तास सगळे डोळे मिटून उभे. कुणी जांभई दाबतंय, कुणी एका पायावरून दुसऱ्या पायावर. मग हातवाल्यांनी डोळे उघडायला लावले, बॉनेटवर तळहात टेकवला, ओठ हलवले, आणि बघता बघता थडथड थांबली. इंजिन एका लयीत गुणगुणायला लागलं. निळ्या मोटारीच्या मालकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

“आता आमच्या ताई सांगतील,” दादा म्हणाला.

ताई पुढे आली. ती दादाची धाकटी बहीण. मूत्रपिंडाच्या रुग्णांना डायलिसिससाठी रुग्णालयात न्यायचं-आणायचं काम करायची, अठरा वर्षं जुन्या मिनीव्हॅनमधून. खोटं बोलता येत नाही अशी तिची ख्याती होती. पत्ते खेळतानासुद्धा तिचा चेहरा सगळं सांगून टाकायचा.

“माझी व्हॅन दोन महिने मिसिंग करत होती, मध्येच ठोका चुकवायची,” ती म्हणाली. “दादाने सगळं तपासलं. यांनी हात ठेवला आणि गाडी सुधारली. मी डोळ्यांनी पाहिलंय.”

लोकांनी ते ऐकलं आणि रांग आणखी लांबली.

वडील गेले तेव्हा ताई नऊ वर्षांची होती आणि दादा सतरा. त्याने शाळा सोडून हातात पाना घेतला. तिची फी त्याने भरली, वह्यांना कव्हरं त्याने घातली, गाडी चालवायला त्यानेच शिकवलं. त्यामुळे दादा जेव्हा हात पुसत म्हणाला, “प्लग, वायरी, सगळं ठणठणीत आहे. हे माझ्या हातातलं काम नाही, हातवाल्यांना दाखवू,” तेव्हा तिने पुढे काहीच विचारलं नाही. दादाला कशाला विचारायचं?

पण व्हॅन पुरती बरी झालीच नव्हती. शुक्रवारी सुधारायची, दोन-तीन दिवसांनी एखाद्या ओलसर सकाळी पुन्हा तोच झटका. “श्रद्धा कमी पडतेय,” हातवाले सांगायचे. दादा मान डोलवायचा. ताई पुढच्या शुक्रवारी पुन्हा यायची, आणि गाडी आली की दादा स्वतः पाइप घेऊन बॉनेटखाली सगळं स्वच्छ धुऊन द्यायचा. “यांच्यापुढे गाडी निर्मळ हवी,” म्हणायचा.

मग ती मंगळवारची सकाळ आली. धुकं होतं. मागच्या सीटवर तिचे दोन रुग्ण, आजी आणि सर. आजी पंच्याहत्तरीच्या, दर खेपेला ताईसाठी खिशातून पेपरमिंट काढणाऱ्या. सर निवृत्त विज्ञानशिक्षक. पुलाच्या चढावर व्हॅन आचके देत बंद पडली ती पडलीच. दुसरी गाडी मिळून रुग्णालयात पोचायला अडीच तास गेले. डायलिसिस अर्धवट झालं. संध्याकाळी आजींना श्वास लागला आणि अतिदक्षता विभागात हलवावं लागलं.

ताई रडत दादाकडे गेली. “दादा, आजींचं काही बरंवाईट झालं तर?”

 दादा खाली बघत म्हणाला, “मी काय सांगू? तुझीच श्रद्धा कमी पडली.”

ते वाक्य तिच्या छातीत रुतून बसलं. आजी चार दिवसांनी सावरल्या, पण ताईला झोप लागेना. आपल्यामुळे एक म्हातारी मरता मरता वाचली, असंच तिने धरून ठेवलं.

पुढच्या खेपेला व्हॅनमध्ये एकटे सर होते. ते बराच वेळ इंजिनाचा आवाज ऐकत बसले. मग विचारलं, “ताई, हा त्रास दुपारी कधी झालाय?”

ताईने आठवून पाहिलं. “दुपारी नाही. सकाळीच. नाहीतर गाडी धुतली की.”

“आणि हातवाले हात कधी ठेवतात? गाडी आल्या आल्या?”

“नाही, अर्धा तास इंजिन चालू ठेवायला लावतात. बॉनेट बंद करून.”

“हं.” सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. “ओला टॉवेल तव्याजवळ अर्धा तास ठेवला तर काय होतं?”

“वाळतो.”

“त्यावर हात ठेवला नाही तर?”

 ताईचा चेहरा उतरला. “सर, दादाने तपासलंय सगळं,” एवढंच ती म्हणाली.

“मग आपणही तपासू. तपासल्याने गाडी रुसत नाही.”

रविवारी सर तिच्या घरी आले. उजव्या दंडावर सुयांच्या जागी पट्टी होती. ते खुर्चीत बसले आणि काम ताईने केलं. इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदाच इतक्या जवळून ते इंजिन पाहिलं. चार सिलिंडर, प्रत्येकाला एक प्लग, प्रत्येक प्लगला ठिणगीसाठी वीज नेणारी जाड रबरी वायर.

“कपड्यांना इस्त्री करताना पाणी मारायचा फवारा आहे? मार वायरींवर हलकेच. आता सुरू कर.”

इंजिन थडथडायला लागलं.

“बंद कर. पहिली वायर काढ, सुरू करून ऐक.” थडथड आणखी वाढली. दुसरीचंही तसंच. तिसरी काढली, आणि आवाजात काडीचाही फरक पडला नाही.

“म्हणजे तिसरा सिलिंडर आधीच काम करत नव्हता,” ताई हळूच म्हणाली.

“बरोबर. आता तिसऱ्याची वायर दुसऱ्याला लाव आणि दुसऱ्याची तिसऱ्याला.”

तसं केल्यावर तिसरा सिलिंडर मुकाट्याने चालू लागला आणि दुसरा बंद पडला. बिघाड वायरीबरोबर शेजारी राहायला गेला होता. सरांनी जाडजूड ब्लँकेट मागवलं, उघड्या बॉनेटवर तंबूसारखं धरायला लावलं. त्या काळोखात ताईने पाहिलं: वायरीतून एक निळी ठिणगी टकटक करत शेजारच्या लोखंडावर उडत होती. प्लगपर्यंत जायची वीज वाटेतच पळून जात होती.

“रबराला चीर गेलीय,” सर म्हणाले. “ओल असली की वीज तिथून निसटते. इंजिन तापलं, ओल सुकली, की पुन्हा वाटेला लागते. चमत्कार एवढाच.”

इंजिन बंद करून ताईने वायर उपसून उजेडात धरली. चीर होती, पण ती दिसत नव्हती. तिच्यावर पिवळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. जुनी, तेलकट. आणि पट्टीचं टोक चिकटवून न टाकता नीट आत दुमडलेलं होतं, पुन्हा सोडवायला सोपं जावं म्हणून.

तिच्या शाळेच्या वह्यांच्या कव्हरांची टोकं अशीच दुमडलेली असायची. तसं करणारा दुसरा माणूस तिला ठाऊक नव्हता.

“काय झालं?” सरांनी विचारलं.

“त्याने पाहिलं होतं,” ताई म्हणाली. “सर, त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी आजींसाठी त्याच्यासमोर रडले तेव्हाही.”

नव्या वायरींचा संच बसवायला वीस मिनिटं लागली. फवारा मारला, बादलीभर पाणी ओतलं. इंजिन जराही थडथडलं नाही.

शुक्रवारी ती नेहमीसारखी गेली. दादाने नेहमीसारखा पाइप धरला. गर्दी जमली, हातवाले सरसावले, डोळे मिटून ओरडले, “ऐका, कशी रडतेय!”

सगळ्यांनी कान दिला. व्हॅन शांतपणे गुणगुणत होती.

“रडत नाहीये,” आइसक्रीमवाला म्हणाला.

“आतल्या आत रडतेय,” हातवाले म्हणाले.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. ताईने इंजिन बंद केलं आणि बॉनेट उघडलं. हातवाले किंचाळले, “शक्ती उडेल!”

“उडू दे. कुठे जाऊन बसते तेही बघू.” तिने पिशवीतून जुनी वायर काढली, तिसऱ्या प्लगला लावली, फवारा मारला, इंजिन सुरू केलं. व्हॅन थडथडू लागली. वायर बदलली, थडथड गेली. पुन्हा जुनी लावली, पुन्हा आली. “हे बघा तुमचे हातवाले. लांबी दीड फूट, वर चिकटपट्टी. गाडी आधी पाण्याने भिजवायची, मग अर्धा तास वाळवायची. ज्यांच्या वायरी चिरलेल्या, त्यांच्याच गाड्या पुढे आणायच्या. हात कुठेही ठेवा, बॉनेटवर ठेवा नाहीतर डोक्यावर, ती तेवढीच वाळणार!”

निळ्या मोटारीच्या मालकाने आपलं बॉनेट उघडलं. मग टेम्पोवाल्याने. कुणाला चीर सापडली, कुणाला पट्टी. गलका इतका वाढला की पांढरा बॉयलरसूट मागच्या दाराने कधी निघून गेला ते कुणाला कळलंच नाही. पण काही जण ताईवरही चिडले. “तुम्हीच तर सांगितलंत!” एक बाई तिच्या तोंडावर म्हणाली. 

गर्दी पांगल्यावर दादा पाण्याच्या डबक्यात तसाच उभा होता.

“नव्या गाड्या दुरुस्तीला कंपनीतच जातात,” तो म्हणाला. “माझ्या हाताला कुणी विचारत नव्हतं. त्याच्या हातासाठी रांगा लागल्या.”

“मला दुसरी वायर का नाही लावून दिलीस?”

दादा पाइप गुंडाळायला लागला.

“बोल ना.”

“तू सांगितलंस की लोकांना पटायचं,” तो शेवटी म्हणाला. “तुला खोटं बोलता येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तुला खरं सांगता येत नव्हतं.”

“आणि आजी?”

त्याने तोंड फिरवलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं तिला वाटलं, लहानपणीची सवय. तिने ठेवला नाही. ती व्हॅनमध्ये बसून निघून गेली, आणि अजूनही त्या गॅरेजच्या रस्त्याने जात नाही.

पुढचे दोन आठवडे काम संपलं की ती घराघरांत जाऊन आली. तिचं ऐकून जे जे रांगेत उभे राहिले, त्या प्रत्येकाचं दार तिने वाजवलं. काहींनी चहा विचारला, काहींनी दार लावून घेतलं. सगळीकडे तिने एकच सांगितलं:

“मी जे पाहिलं ते खरं होतं, पण त्यामागचं कारण मी पाहिलं नव्हतं. विचारलं नाही, कारण सांगणारा माझा भाऊ होता. आपलं माणूस चुकू शकतं, फसवूही शकतं. तुमच्यावर कुणाचं कितीही प्रेम असो, ‘कसं?’ हा प्रश्न विचारायचा सोडू नका. आणि जो उघडून दाखवायला तयार नसेल, तो कुणीही असो, त्याच्यापुढून उठून या.”