तिरप्या पट्ट्या

“गेनबा, तिरप्या पट्ट्या कुठं गेल्या?”

दीनानाथने सायकल तशीच आडवी टाकली. उत्रोलीची नवी शाळा समोर उभी होती. जुन्या रुळांचे आठ खांब, वर तुळया, त्यावर तांबडी कौलं. उद्या समारंभ. नकाशात त्याने खांबाखांबांमध्ये आखलेल्या लोखंडी पट्ट्या तेवढ्या गायब होत्या.

“काढल्या की!” गेनबा सुतार खुशीत म्हणाला. “छप्पर बसलं, आता टेकू कशाला? बोल्ट खोलून, पुसून ठिवल्यात. आमास्नी आळशी समजला व्हय?”

यात गेनबाची चूक ती काय? चाळीस वर्षं त्याने लाकडी घरं उभारली होती. त्याच्या कामात तिरपं लाकूड म्हणजे टेकू; आढं बसलं की तो काढायचा, राहिला तर सुताराची लाज. चूक असलीच तर दीनानाथची. क्वेट्ट्याच्या रेल्वेत वीस वर्षं नकाशे काढून भोरला परतलेला हा माणूस, कागदावर रेघ मारली की ती सगळ्यांना कळली, असं धरून चालायचा.

“त्या आजच परत बसल्या पाहिजेत.”

“आज? उद्या मोठी मान्सं येणार. शाळंत आडवंतिडवं लोखंड बघून हसतील आमाला. खांब बघा की, हत्ती बांधा हवं तर!”

दीनानाथने वाद घातला नाही. कुडाच्या उरलेल्या कामट्या उचलल्या, चार कामट्यांची सुतळीने चौकट बांधली आणि जमिनीवर उभी धरली. “ढकला, एका बोटानं.”

गेनबाने ढकलली. चौकट कलंडून सपाट झाली. मग दीनानाथने तीच पुन्हा उभी करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाचवी कामटी बांधली. गेनबाने बोट लावलं, मग अख्खा पंजा. चौकट करकरली, पण पडली नाही.

“कौलांचं वजन खांब पेलतील, गेनबा. पण धरणीकंपात जमीन आडवी हलते. तेव्हा हीच धरते.”

“हितं कुठला आलाय धरणीकंप?”

“आम्हीही क्वेट्ट्यात असंच म्हणायचो.” दीनानाथ कामटीची सुतळी सोडू लागला. “तिथल्या धरणीकंपाला तीन वर्षं झाली. पलीकडच्या ओळीत रुळांची, पट्ट्या मारलेली घरं होती. त्यांच्या नकाशाच्या नकला मीच काढलेल्या. ती उभी राहिली. आमचं घर नुसत्या विटांचं. माझी नलू आठ वर्षांची होती.”

हे त्याने भोरात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून बसल्यावर त्याला उगीच शरमल्यासारखं झालं. गेनबा जाऊन पाना घेऊन आला.

उन्हं कलायला शेवटचा बोल्ट आवळला. जमीन सारवायला आलेली गेनबाची बायको, साळूबाई, दाराजवळच्या पट्टीकडे बघत राहिली.

“पोरं पळत्याली, डोकी आपटत्याली. चिंध्या गुंडाळू का, रावसाहेब?”

“गुंडाळा.”

“कितीवर गुंडाळू?”

दीनानाथ पट्टीपाशी गेला. फूट, इंच सांगणं त्याच्या रोजच्या सवयीचं. पण त्याला आकडा सुचेना. त्याने छातीच्या जरा खाली हात आडवा धरला, तळवा जमिनीकडे.

“एवढी होती,” तो म्हणाला.

साळूबाईने त्या हाताखालून चिंधी गुंडाळायला घेतली. तिचं काम होईपर्यंत त्याने हात तसाच धरून ठेवला.