काठावरच्या बाई

"नाक बुडव."

पाटीवर खडूनं लिहिलेले हे दोन शब्द तिसऱ्यांदा त्याच्या डोळ्यांसमोर आले. तो पोहण्याच्या तलावाच्या उथळ टोकाला छातीइतक्या पाण्यात उभा होता. एक हात लोखंडी शिडीवर, दुसरा स्वतःच्या नाकावर.

"बुडवतो गं अक्का. जरा दम तर घेऊ दे."

अक्कानं मनगटानं पाटी पुसली, भराभर लिहिलं आणि पुन्हा समोर धरली. "पंचेचाळीस वर्षं दमच घेतोयस."

सकाळचे सहा वाजले होते. तलावाचा रखवालदार काठावरची फरशी झाडता झाडता थांबला. "मशीनवाले, आज कितवा दिवस?"

"एकविसावा."

"बाईंनी माझ्या तिन्ही पोरींना आठ दिवसांत तयार केलं होतं. पण तुमचं काम वेगळं. रोज पाण्याची पातळी बोटभर उतरते, मी आपला वेड्यासारखा गळती शोधतोय!"

अक्काचे खांदे हलले. ती हसली की आता एवढंच व्हायचं.

त्याचं वय त्रेपन्न. धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा. सायकलच्या मागे अवजारांची पेटी बांधून तो गावभर फिरायचा. कुणाच्या मशीनची सुई मोडते, कुणाचा दोरा तुटतो, कुणाचं चाक नुसतंच कुरकुरतं. तो कान मशीनला लावायचा, डोळे मिटायचा आणि दुखणं कुठं आहे ते सांगायचा. देवानं त्याला बुद्धी बेताची दिली, पण कान असा दिला, की त्या एका देणगीवर त्यानं संसार केला, दोन मुली उजवल्या आणि कुणाचं वाईट चिंतलं नाही. साध्या माणसाला याहून जास्त काय लागतं?

पाणी मात्र त्याला वर्ज्य. आठ वर्षांचा असताना अक्कानं त्याला एकदा पाण्यात ढकललं. तो सरळ तळाशी गेला. तिनंच केसांना धरून वर काढला आणि त्या दिवसापासून त्याचं नाव 'दगड्या' पडलं. पुढं अक्का त्याच गावच्या तलावावर पोहायला शिकवणारी बाई झाली. एकतीस वर्षं तिनं शिकवलं. या टोकाला तिनं "पाय सरळ!" म्हटलं, की त्या टोकाला सात पोरांचे पाय सरळ व्हायचे आणि रस्त्यानं जाणाऱ्या दोन-चार मोठ्यांचेही. अर्धं गाव तिच्या हाकेवर पोहायला शिकलं. राहिला तो घरचा दगड.

मग तिच्या घशात गाठ निघाली. गाठ गेली, तिच्याबरोबर आवाजाची पेटीही गेली. आता अक्का मानेला ठेवलेल्या भोकातून श्वास घेते. श्वास ओठांपर्यंत येतच नाही, म्हणून शिट्टीसुद्धा वाजत नाही. पाण्यात उतरायचं तर नावच नको. पाणी थेट छातीत जाईल. पाण्यातल्या जीवाला पाण्याची मनाई, आणि हाकेवर जगलेल्या बाईला हाकेची. देवाघरचा हिशेब आपल्याला लागत नाही. आपण हात जोडावेत आणि जे उरलंय ते जपावं.

अशा माणसांसाठी एक यंत्र मिळतं. मुठीएवढं. गळ्याला लावून ओठ हलवले, की ते घरघरत का होईना, शब्द बाहेर काढतं. दगड्यानं कर्ज काढून अक्कासाठी ते आणलं. तिनं एकदाच लावलं, "चहा" एवढा एकच शब्द म्हटला, आणि यंत्र कपाटाच्या खणात टाकून दिलं. पाटीवर लिहिलं, "हा माझा आवाज नाही. डब्यात कोंडलेली माशी आहे." त्याला चौदा महिने झाले.

दर गुरुवारी हॉस्पिटलात अशा माणसांची बैठक भरायची. दगड्या अक्काला घेऊन जायचा. अकरा माणसं गोल करून बसलेली आणि मधे हॉस्पिटलचं एकच यंत्र. एकजण बोलणार, मग पुसून शेजारच्याला देणार. एकदा एक म्हातारे गृहस्थ हात वर करून बसले होते. त्यांची पाळी येईपर्यंत तासच संपला. त्यांनी हात खाली घेतला, सगळ्यांना नमस्कार केला आणि निघून गेले. ते दगड्याच्या काळजात रुतून बसलं.

त्याच दिवशी त्यानं हॉस्पिटलच्या जिन्यात तो कागद पाहिला. कॅन्सरच्या रुग्णांच्या मदतीसाठी ट्रायथलॉन. खाली लिहिलेलं: साडेसातशे मीटर पोहणे, वीस किलोमीटर सायकल, पाच किलोमीटर धावणे. त्यानं तिथल्या तिथे नाव दिलं आणि 'सायकल'पुढं ठळक खूण केली. मग तो दारोदार फिरला. शिंप्यांनी आणि मशीनवर बसणाऱ्या बायकांनी जमेल तसं दिलं. त्यातून सहा यंत्रं यायची सोय झाली. कपड्यांच्या मोठ्या कारखान्याचा मालक तर खुर्चीतून उठून म्हणाला, "शर्यत पुरी केलीस, तर वीस यंत्रं माझी. पण पुरी केलीस तर हां!"

"वीस किलोमीटर म्हणजे माझा रोजचा रतीब, शेठ," दगड्या म्हणाला आणि शीळ घालत घरी आला.

बायकोनं तो कागद हातात घेतला. एकदा वाचला. मग चष्मा लावून पुन्हा वाचला.

"अहो, हे काय करून बसलात?"

"का? सायकल निवडली."

"निवडायचं कुठाय यात? तिन्ही करायचंय. एकापाठोपाठ एक!"

मग खुर्ची करकरली. अक्का पोट धरून हसत होती. आवाज नाही, नुसते डोळ्यांतून पाणी आणि हलणारे खांदे. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच हसत होती. डोळे पुसून तिनं पाटी ओढली आणि लिहिलं, "उद्या सहा वाजता. टॉवेल आण."

"वन्सं, हसताय काय?" बायको म्हणाली. "बुडतील हे!"

"मी आहे," अक्कानं लिहिलं.

दगड्याला त्या दिवसापासून दोन गोष्टी हव्या होत्या. एक तो सगळ्यांना सांगायचा: गुरुवारच्या खोलीत कुणाला बोलायला पाळी लावावी लागू नये. दुसरी त्यानं बायकोलाही सांगितली नाही. अक्कानं एकदा तरी त्याला हाक मारावी. माशीच्या आवाजात का होईना.

पण बुडलेल्या माणसाला पाटी दाखवून शिकवायचं कसं? बाविसाव्या दिवशी तो नाक बुडवून चाचपडत असताना पाण्यात अचानक 'टण' असा आवाज आला. कानात नाही, थेट कवटीत. तो दचकून वर आला. अक्का काठावर उकिडवी बसली होती. हातात त्याच्याच पेटीतला पाना. तिनं पाना शिडीच्या दांड्यावर पुन्हा हाणला आणि भुवया उडवल्या: ऐकू आलं?

आलं. पाण्यात लोखंडाचा आवाज फार लख्ख ऐकू येतो. एक ठोका म्हणजे पाय मार, दोन म्हणजे श्वास घे, तीन म्हणजे मूर्खा, थांब. मशीनची नाडी कानानं ओळखणारा माणूस तो! पाण्याची भीती त्याच्या डोळ्यांत होती, कानांत नव्हती. पस्तिसाव्या दिवशी त्यानं तलावाची एक लांबी पार केली. रखवालदारानं झाडू बगलेत धरून टाळ्या वाजवल्या. अक्कानं लिहिलं, "वाकडा गेलास."

दुपारच्या सुट्टीत तो कारखान्याच्या मागच्या आवारात धावायचा. खिडक्यांतून बायका ओरडायच्या, "भाऊ, बॉबिन सुटलं वाटतं! धरा, धरा!" तोही धावता धावता हात जोडायचा. चार महिन्यांत पोट आत गेलं, पट्ट्याला दोन नवी भोकं पडली. अक्काचाही चेहरा उजळला. ती पहाटे त्याच्या आधी उठून दारात चपला घालून उभी असायची.

शर्यतीच्या सकाळी सगळे गावाबाहेरच्या मोठ्या तळ्यावर गेले. निघताना बायकोनं खणातलं यंत्र अक्काच्या पिशवीत टाकलं. अक्कानं डोळे वटारले.

"असू दे हो वन्सं. पिशवीत बसून काय तुमचं खातंय?"

तळं म्हणजे तलाव नव्हे. इथे शिडी नाही, पाना नाही, तळाच्या निळ्या फरशा नाहीत. नुसतं गढूळ हिरवं पाणी आणि लांबवर लाल फुगे. अर्ध्या तासाच्या आत पाण्याबाहेर यायचं. नाही आलं, की बाद. दगड्यानं अक्काकडे पाहिलं. तिनं पाटी वर केली. कोरी. आता सांगण्यासारखं काही उरलं नाही, असा तिचा अर्थ.

तो उतरला. पहिल्या फुग्यापर्यंत त्याला वाटलं आपण मरणार, दुसऱ्यापर्यंत वाटलं आपण मेलो, आणि तिसऱ्याला वळसा घालताना त्याच्या ध्यानात आलं की आपण चक्क पोहतोय. मनातल्या मनात तो ठोके मोजत होता. एक, एक, एक, दोन. देवाचं नाव घ्यावं तसं. पण पुन्हा वाकडा गेला. थेट गवताच्या बाजूला शिरला. होडीतल्या माणसानं वल्ह्यानं दिशा दाखवली, तेव्हा कुठं वळला.

काठाला पाय लागले. तो धडपडत बाहेर आला. लोकांनी टाळ्यांचा गजर केला. बायको रडत होती. मशीनवरच्या बायका रुमाल हलवत होत्या. गळ्यात घड्याळ अडकवलेला पंच, पस्तिशीचा तरुण, घड्याळाकडे बघून घुटमळला.

"बत्तीस मिनिटं," तो हळूच म्हणाला. मग त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि हसला. "जाऊ द्या काका, दोन मिनिटांचं काय एवढं? काम पुण्याचं आहे. पळा, सायकल घ्या!"

"अरे, कोण बघतंय!" कारखान्याचा मालकही म्हणाला. "जा, जा! माझी वीस यंत्रं तयार आहेत!"

दगड्या सायकलीकडे वळला. तेवढ्यात त्याला अक्का दिसली. तिनं पाटी उंच धरली होती. तिच्यावर एकच शब्द होता. पण पाटीची एक मोठी खोड असते: तिच्याकडे कुणीतरी बघावं लागतं. पंच पाठ फिरवून वाट मोकळी करत होता. मालक सायकलींकडे बोट दाखवत होता. लोक टाळ्या वाजवत होते. अक्कानं पाटी हलवली. एकदा, दोनदा. कुणी पाहिलं नाही.

मग तिनं पाटी खाली ठेवली, पिशवीत हात घातला आणि ते यंत्र गळ्याला लावलं.

"बाद."

सपाट, घरघरता, ना चढ ना उतार असा आवाज. टाळ्या विरल्या. पंच गर्रकन वळला.

"तो बाद आहे. वेळ संपली."

तरुणाचे पाय आपोआप जुळले. खिशातला हात बाहेर आला. गळ्यातलं घड्याळ त्यानं सरळ केलं. दहा वर्षांचा असताना याच बाईंसमोर तो ओल्या चड्डीत कुडकुडत असाच उभा राहायचा.

"हो, बाई," तो म्हणाला. "पण बाई, हे तर तुमच्यासारख्यांसाठीच..."

"म्हणूनच. आजाऱ्यांच्या नावावर सूट नको."

"बाई, यंत्रांचं मी..." मालक पुढे आला.

"शब्द 'पुरी केली तर' असा होता, शेठ. पुरी नाही केली."

मालकानं मान खाली घातली. पंचानं वहीत दगड्याच्या नावापुढं काट मारली.

दगड्या अजून ठिबकत उभा होता. तोंडावर हसू मावत नव्हतं. बायकोला वाटलं, माणूस भ्रमिष्ट झाला.

"अक्का," तो म्हणाला, "वीस यंत्रं गेली की गं."

"दगड्या," अक्का म्हणाली.

त्यानं डोळे मिटले. मशीनला कान लावताना मिटायचा, तसेच. आवाज डब्यातल्या माशीचाच होता. पण शब्दाच्या शेवटी तो जो हलका झटका, केसांना धरून वर काढल्यासारखा, तो सबंध जगात एकाच बाईचा होता.

"एकाच कुशीवर श्वास घेतोस. म्हणून वाकडा जातोस. वर्षभर दोन्हीकडून घ्यायला शीक. मग माग शेठकडे यंत्रं."

"हो, अक्का."

"हो काय? अंग पूस. थंडी लागेल."

बायको टॉवेल घेऊन धावली. लोक सायकलींच्या वाटेकडे पांगले. भोंग्यावर कुणाकुणाची नावं पुकारली जाऊ लागली. दगड्या डोकं पुसत बोलत होता, "ऐकलंस ना? तू ऐकलंस ना?" आणि बायको "ऐकलं, ऐकलं, आधी कान पुसा," म्हणत होती. थोड्या वेळानं त्यांच्या ध्यानात आलं, की अक्का जवळ नाही.

ती पुन्हा काठाला गेली होती. पाण्यात अजून एकजण होता. पांढऱ्या टोपीतला, साठीचा, भल्या अंगाचा माणूस. त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला कुणी उरलं नव्हतं. होडी हळूहळू मागून येत होती. तो डोळे मिटून, जीव खाऊन हात मारत होता. एक हात, मोठा श्वास, पुन्हा एक हात. किती अंतर राहिलंय याची त्याला शुद्ध नव्हती.

पाणी आत शिरू नये म्हणून अक्का काठापासून एक पाऊल मागे उभी राहिली. एक हात तिनं मानेवरच्या रुमालावर ठेवला, दुसऱ्यानं यंत्र गळ्याला लावलं.

"बाळ," ती त्या परक्या म्हाताऱ्याला म्हणाली, "पाय टेक आता. जमीन आहे."

तो उभा राहिला. पाणी त्याच्या गुडघ्याएवढंच होतं.