धूमकेतूचा धनी

चष्म्याच्या दुकानात तीस वर्षं काढल्यावर एक गोष्ट कळते: अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलेला माणूस न दिसणारी ओळसुद्धा भिडेखातर वाचून दाखवतो. आपल्याला दिसत नाही हे कबूल करायची माणसाला फार लाज वाटते. गिऱ्हाइकांच्या या खोडीला मी मनातल्या मनात पुष्कळ हसलो आहे.

धूमकेतू पाहिला तो माझ्या धाकट्या भावाने. दिवेलागणीला तो गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेला होता आणि तिथूनच त्याने मला हाक मारली, "दादा, वर ये. पश्चिमेला काहीतरी आहे, शेपूट असलेलं." मी गेलो आणि अगदी स्पष्ट पाहिला. दुकानात मागे बसून काचा घासणाऱ्या माझ्या भावाचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून वेधशाळेला पत्र मी लिहिलं, आणि खोटं कशाला सांगू, पाहणाऱ्याचं नाव म्हणून माझंच घातलं. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. भावाने तो कापून काउंटरच्या काचेखाली ठेवला आणि म्हणाला, "फोटो छान आलाय, दादा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मी तोंड उघडलं नाही.

फोटो छापून आला त्या संध्याकाळपासून मला धूमकेतू दिसेना.

बाकी सगळ्यांना तो दिसत होता. सूर्य मावळला की शेजारपाजारची माणसं आमच्या गच्चीवर जमत आणि बोट दाखवायचा मान माझा असे. मी डोळे तपासून पाहिले, चार चार चष्मे बदलले. दोष काही सापडला नाही. शेवटी एके दिवशी मी मुद्दाम उलट दिशेला, पूर्वेच्या कोऱ्या आभाळाकडे बोट केलं. सगळ्या माना तिकडे वळल्या. "आज कालच्यापेक्षा मोठा वाटतोय," समोरच्या शिंपीणबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या नवऱ्याने मान डोलावली. एकटा भाऊ आमच्याकडे पाठ करून पश्चिमेच्या कठड्याशी उभा होता.

माणसं खाली उतरल्यावर मी त्याच्याकडे गेलो. आज बोललो नाही तर या भावाला मी कायमचा मुकेन, एवढंच मनात होतं.

"तो तूच पाहिलास," मी म्हणालो. "नाव मी माझं लावलं. उद्या वेधशाळेला खरं काय ते कळवतो."

"असू दे रे, दादा. तुला दिसतोय ना? मग झालं."

एवढं कबूल केल्यावर आणखी एक शब्द बोलायला काय हरकत होती? पण लाज अशी, की तो शब्द ओठांवर येईचना.

"दिसतोय की," मी म्हणालो.

तो समाधानाने हसला. समोरच्या रिकाम्या आभाळातून कसलासा उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडला होता, आणि मागे फरशीवर सावली पसरली होती, लांब आणि रेखीव. मी पुढे सरकून त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलो आणि मागे वळून पाहिलं. फरशीवर सावली एकच होती, त्याची.