खाँसाहेबांचा आवाज

नीळकंठ गुरुजी धडा वाचू लागले की तट्ट्याच्या भिंतीपलीकडे बसलेली माझ्या वर्गातली मुलं कान टवकारायची. राजा बोलला की गुरुजी छाती भरून बोलायचे, म्हातारी बोलली की कापऱ्या गळ्यानं. आणि धड्यात खाँसाहेब आले की नाकातून, नसलेली दाढी कुरवाळत, "अरे मियाँऽऽ!" दोन्ही वर्ग हसून लोळायचे.

"गुरुजी, तेवढा आवाज सोडा," मी एकदा म्हटलं.

"अहो मनोरमाबाई, धड्यात जीव नको का?"

छप्पन साली राज्य बदललं, राजधानी भोपाळला आली आणि कचेऱ्यांबरोबर नागपूरहून इथे आलेल्या कारकुनांची ही मुलं. टी. टी. नगरच्या नव्या क्वार्टरांपलीकडचं गाव त्यांना ठाऊकच नव्हतं. म्हणून जहांगीराबाद मोहल्ल्यातल्या वलीउद्दीनसाहेबांना मी गळ घातली होती. ते उर्दूचे निवृत्त शिक्षक. आठवड्यातून एक तास आमच्या शाळेत या, म्हटलं.

"पहले बच्चों से तो मिलाइए," ते म्हणाले.

दसऱ्याला मी मुलांना सोनं द्यायला त्यांच्याकडे घेऊन गेले. साहेब शेरवानी घालून ओसरीवर उभे होते. तबकात बर्फी मांडलेली.

बाळू पुढे झाला. माझ्या वर्गातला सगळ्यांत गुणी मुलगा. त्यानं वाकून नमस्कार केला, आपट्याचं पान पुढे धरलं, मग हनुवटी कुरवाळत नाकातून म्हणाला, "अरे मियाँऽऽ, सोना लो!"

कुणीही हसलं नाही. कांचननं तसंच केलं. तिच्यामागून सुमित्रानंही. या लोकांशी बोलायची हीच रीत, असं ती मुलं मन लावून शिकली होती.

साहेबांनी प्रत्येकाचं पान घेतलं, प्रत्येकाच्या हातावर बर्फी ठेवली. मुलं अंगणात पळाल्यावर म्हणाले, "बहनजी, मैं नहीं आऊँगा। इन्हें कोई पढ़ा चुका है।"

"साहब, बच्चे हैं।"

"इसीलिए तो।"

शाळा उघडल्यावर मी गुरुजींना सगळं सांगितलं.

"तुमचा बाळू? दाढीसकट केलं त्यानं?"

चेहऱ्यावरचं कौतुक त्यांना लपवता आलं नाही.

घंटा झाली. तट्ट्यापलीकडे धडा सुरू झाला, आणि माझ्या वर्गातली मुलं लिहायची थांबली.